बेड फ्युमिगेट करायच्या आधी हे वाचा: मातीतले जिवाणू, एन्झाइम्स आणि ते परत कसे आणायचे

पॉलिहाऊसमध्ये ढोबळी, काकडी, जरबेरा असं काहीतरी सलग काही वर्षं घेतलं की मर आणि मुळावरच्या गाठी सुरू होतात, औषधं आळवून आळवून माणूस थकतो, आणि मग कुणीतरी सांगतं की एकदा बेड फ्युमिगेट करून घ्या (म्हणजे मातीत विषारी वायू सोडून रोगकिडी मारून टाका), सगळं साफ होईल. होतंच साफ. पण सूत्रकृमी (मुळावर गाठी करणारे बारीक कृमी) आणि फ्युजॅरियम (मर आणणारी बुरशी) यांच्यासोबत अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू पण जातात, मायकोरायझा (मुळाशी राहून झाडाला स्फुरद मिळवून देणारी बुरशी) जाते, शेणखत कुजवणारी बुरशी जाते, आणि आपण मात्र पुढचे दीड-दोन महिने नेहमीसारखंच खत सोडत राहतो आणि मग रोपं का बसून राहिली म्हणून डोकं धरतो.

हे सगळं पॉलिहाऊस, शेडनेट आणि नर्सरीचे वाफे डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कारण आपल्याकडे मावळ, जुन्नर, नाशिक, सातारा-सांगली या भागात फ्युमिगेशनचा विषय निघतो तो मुख्यतः तिथेच. माझं म्हणणं एवढंच आहे की रिकाम्या झालेल्या बेडमध्ये पहिल्यांदा कोण शिरतं त्यावर पुढचं पीक ठरतं, आणि कोणाला शिरू द्यायचं ते औषध टाकायच्या आधी ठरवून ठेवावं लागतं.

औषध टाकल्यावर मातीत नेमकं काय होतं

मातीत जेवढा सेंद्रिय कर्ब असतो त्यातला साधारण १ ते ५ टक्के भाग म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव. आकडा छोटा वाटतो, पण कुजणं, नत्राचं रूपांतर, अडकलेला स्फुरद मोकळा होणं हे जवळजवळ सगळं त्यांच्या जिवावर चालतं. हा जिवंत भाग मोजायची जी पद्धत जगभर वापरतात ती मुळात फ्युमिगेशनवरच उभी आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात जेंकिन्सन आणि पॉल्सन यांनी १९७६ मध्ये ती मांडली, म्हणजे मातीच्या सॅम्पलला २४ तास क्लोरोफॉर्मची वाफ द्यायची आणि मग मेलेले जिवाणू कुजताना जास्तीचा किती कार्बन डायऑक्साइड निघतो ते मोजायचं. बेडमध्ये आपण हेच करतो, फक्त मोजत नाही, आणि निघालेल्या मालाचं पुढे काय होतं ते बघत नाही.

औषधांचं म्हणाल तर मिथिल ब्रोमाइड आता विसरा, ओझोनचं नुकसान करतं म्हणून माँट्रियल कराराखाली श्रीमंत देशांनी ते २००५ पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनी २०१५ पर्यंत शेतीच्या मातीतून बंद करायचं ठरलं होतं, क्वारंटाइनसारख्या ठरावीक कामांना तेवढी सूट आहे. आता ज्यांची चर्चा होते ती डॅझोमेट आणि मेटम सोडियम. दोन्ही ओल्या मातीत फुटून मिथिल आयसोथायोसायनेट नावाचा वायू तयार करतात (नाव ऐकून लोक घाबरतात, भोपाळचा वायू तो मिथिल आयसोसायनेट, हा वेगळा, पण डोळे-घसा जाळायला हाही पुरेसा आहे). हा वायू जिवंत पेशीतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतो, खास करून त्यातल्या गंधकाच्या जागेला, आणि ते प्रोटीन निकामी होतं. एन्झाइम म्हणजे प्रोटीनच, त्यामुळे मार दोन्हीकडून बसतो, एक तर एन्झाइम बनवणारा जिवाणू मरतो आणि दुसरं म्हणजे आधी बनलेलं एन्झाइमही बिघडतं.

पण सगळी एन्झाइम्स सारखी पडत नाहीत, आणि रिपोर्ट वाचताना हाच मुद्दा कामाला येतो. डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम फक्त जिवंत पेशीच्या आत काम करतं. पेशी मेली की ते संपलं, म्हणून फ्युमिगेशननंतर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात तेच खाली येतं. युरिएज (युरिया फोडणारं) आणि फॉस्फटेज (अडकलेला स्फुरद मोकळा करणारं) यांचा बराच भाग पेशीच्या बाहेर, मातीच्या कणांना आणि ह्यूमसला चिकटून बसलेला असतो आणि तिथे त्याला थोडं संरक्षण मिळतं, त्यामुळे ती कमी पडतात, सेंद्रिय कर्ब चांगला असेल तर अजूनच कमी. आपल्या पॉलिहाऊसच्या बेडमध्ये लाल माती, शेणखत आणि भाताचं तूस असं मिश्रण असतं, त्यात शेणखत जुनं होऊन संपलेलं असेल तर धरून ठेवायला फारसं काही उरत नाही आणि मार जास्त बसतो.

मग नत्र. मेलेल्या जिवाणूंच्या अंगातला नत्र अमोनियम रूपात मोकळा होतो, कारण अमोनियम करणाऱ्या जिवाणूंच्या जाती ढीगभर आहेत, त्यातले काही तगतात आणि लगेच कामाला लागतात. पण अमोनियमचं नायट्रेट करणारे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू मोजक्या जातींचे, हळू वाढणारे आणि या वायूला फार नाजूक. त्यामुळे काही आठवडे अमोनियम साठत जातं आणि नायट्रेट तयारच होत नाही. हा काळ माती, डोस, तापमान आणि सेंद्रिय कर्ब यावर कमी-जास्त होतो, पण महिना-दीड महिना धरून चालावं.

जिवाणूंची एकूण संख्या मात्र भलतीच लवकर भरून येते, आठवड्या-दोन आठवड्यांत आधीपेक्षाही जास्त होऊ शकते. मेलेल्यांचं खाद्य तयार असतं, स्पर्धा नसते, त्यामुळे बीजाणू करून बसलेले बॅसिलस आणि झपाट्याने वाढणारे स्युडोमोनास वगैरे फोफावतात. म्हणून कुणी लॅबचा सीएफयू काउंट (प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंची मोजणी) दाखवून सांगितलं की बघा जिवाणू परत आले, तर त्यावर जाऊ नका. संख्या आली, विविधता आलेली नसते. बुरशीमध्ये ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी), पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस लवकर परततात, आणि रोपं कुजवणाऱ्या पिथियमलाही मोकळं मैदान मिळालं तर तो पण मागे राहत नाही. सगळ्यात उशिरा येते मायकोरायझा, कारण ती मुळाशिवाय वाढतच नाही. अमेरिकेत पूर्वी संत्रावर्गीय रोपांच्या नर्सऱ्या फ्युमिगेट केल्यावर रोपं खुरटी राहायची आणि बराच काळ लोकांना वाटायचं की औषधाचा विषारी अंश राहिलाय, पण १९७०च्या दशकात दिसून आलं की खरं कारण मायकोरायझा गेल्यामुळे स्फुरद न मिळणं हे होतं.

आधी ठरवा, खरंच गरज आहे का

पीक काढताना झाडं नुसती उपटून फेकू नका. बेडच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी झाडं मुळासकट कुदळीने काढा, मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि गाठी बघा. गाठी थोड्या झाडांवर आणि बारीक असतील तर फ्युमिगेशनची गरज नाही, निंबोळी पेंड, झेंडूची फेरपालट आणि पॅसिलोमायसिससारख्या जैविकाने भागतं. निम्म्याहून जास्त झाडांची मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी जाड आणि वेडीवाकडी झालेली असतील, किंवा मर एका टोकाकडून दरवर्षी पुढे सरकत असेल, तर विचार करा.

रोग येतोय कुठून तेही बघायला हवं, कारण रोपं ज्या नर्सरीतून आणता तिथेच सूत्रकृमी असतील, किंवा उघड्या शेततळ्याचं पाणी गाळाशिवाय येत असेल, किंवा बाहेरच्या शेतातले बूट तसेच आत येत असतील, तर फ्युमिगेशनचे पैसे पाण्यात. उलट रिकाम्या बेडमध्ये आलेला रोग जास्त वेगाने पसरतो कारण त्याला अडवणारं कुणी उरलेलं नसतं.

एप्रिल-मे मध्ये बेड रिकामे असतील तर आधी सोलरायझेशनच करा, हे मी अगदी आग्रहाने सांगतोय. इस्रायलमध्ये काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही पद्धत आपल्या उन्हाळ्यासाठी बनल्यासारखी आहे. बेड चांगला ओला करायचा, वर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक पेपर (काळा नाही, पारदर्शक) घट्ट अंथरायचा, कडा मातीत दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही, पॉलिहाऊस असेल तर पडदेही बंद ठेवायचे. वरच्या थरात तापमान ४५ अंशांच्या वर जातं, बऱ्याच रोगकारक बुरशा आणि सूत्रकृमी त्यात मरतात पण बॅसिलस आणि अ‍ॅक्टिनोमायसिट्स तग धरतात, एन्झाइम्सही पूर्ण खाली येत नाहीत. मर्यादा अशी की खोलवर उष्णता कमी पोचते आणि सूत्रकृमी खाली सरकून बसतात.

दुसरा मार्ग मोहरीचा. मोहरी फुलावर आली की बारीक कुट्टी करून लगेच बेडमध्ये मिसळायची, पाणी द्यायचं आणि पेपर टाकायचा. मोहरीच्या पेशी फुटल्या की त्यातलं मायरोसिनेज हे एन्झाइम ग्लुकोसिनोलेटवर काम करून आयसोथायोसायनेट सोडतं, म्हणजे डॅझोमेटच्या वायूचाच चुलतभाऊ. फरक असा की सोबत हिरवळीचं खतही पडतं, म्हणून नंतर जिवाणू आणि डिहायड्रोजिनेज वाढलेलं दिसतं. वायू पहिल्या काही तासांतच निघून जातो म्हणून सकाळी कापून दुपारी जेवून मग गाडली असं करू नका. कोबी-फ्लॉवरचा पाला पण चालतो, ताकद कमी पण फुकट मिळतो.

हे करूनही भागणार नाही असं वाटलं तरच पुढे वाचा.

औषध टाकायच्या आधीचं सॅम्पल

हे कुणी करत नाही आणि नंतर पस्तावतात. आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी तपासतात, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. जिवाणू किंवा एन्झाइम त्यात एकही नाही. ते हवं असेल तर कृषी विद्यापीठाच्या मृदशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभागात (राहुरी, परभणी, अकोला, दापोली, जे जवळ असेल ते) किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयात विचारा आणि डिहायड्रोजिनेज, युरिएज आणि फॉस्फटेज या तीन टेस्ट मागा. एकच शक्य असेल तर डिहायड्रोजिनेज घ्या, ती स्वस्त आणि सोपी आहे, मातीत टीटीसी नावाचं रंगहीन रसायन टाकतात आणि जिवंत पेशी त्याचा लाल रंग करतात, जेवढी माती जिवंत तेवढा लाल गडद.

सॅम्पल घ्यायची पद्धत मात्र नेहमीपेक्षा वेगळी आहे. नेहमी आपण माती सावलीत वाळवून पिशवीत भरून पाठवतो, इथे वाळवलं की गेलं. बेडमध्ये सात-आठ जागांवरून १५ सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या, एकत्र करा, खडे-मुळ्या काढा, तशीच ओली प्लास्टिकच्या पिशवीत भरा, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. नाहीच जमलं तर रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये नाही.

आणि याच वेळी फ्युमिगेट न केलेली माती एक-दोन क्रेटमध्ये भरून, पॉलिहाऊसच्या बाहेर सावलीत, खाली पेपर टाकून बाजूला ठेवा आणि ओलसर ठेवत राहा. पुढे दोनदा लागणार आहे.

बेडची तयारी आणि औषध

जुन्या पिकाची मुळं वेचून काढा, जाड मुळाच्या आत वायू जात नाही आणि गाठींमधली अंडी तिथे सुरक्षित राहतात. बेड ३० सेंटिमीटरपर्यंत भुसभुशीत करा, ढेकळं फोडा. मिथिल ब्रोमाइड साध्या तापमानालाच वायू असायचं, कुठेही शिरायचं. डॅझोमेट-मेटमचा वायू जड आहे, हळू सरकतो, जिथपर्यंत औषध मिसळलं साधारण तिथपर्यंतच काम करतो. ढेकळाच्या आतलं सगळं वाचतं.

मग पाणी देऊन बेड वाफशावर आणा आणि पाच-सात दिवस तसाच वाफसा टिकवा. याचं कारण झोपलेली बुरशी आणि सूत्रकृमीची अंडी कोरड्या मातीत औषधाला दाद देत नाहीत, ओल मिळाली की जागी होतात आणि मग मरतात. मूठभर माती दाबली की गोळा झाला पाहिजे, बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे आणि हाताला पाणी लागता कामा नये. फार ओली असेल तर छिद्रं पाण्याने भरलेली असतात आणि वायू पसरत नाही, कोरडी असेल तर औषध फुटतच नाही किंवा वायू लगेच उडून जातो.

शेणखत आत्ता टाकू की नंतर हा प्रश्न कायम येतो. कच्चं किंवा बाहेरून आणलेलं शेणखत असेल तर आधी टाका म्हणजे त्यातले हुमणी, तणाचं बी, सूत्रकृमी पण जातील. पण चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि गांडूळखत राखून ठेवा, ते नंतरचं आहे.

औषध कोणतं घ्यायचं ते आपल्या इथे नोंदणी आहे का, लेबल क्लेम काय आहे ते बघूनच. डॅझोमेटच्या दाणेदार औषधाचा डोस साधारण चौरस मीटरला ३० ते ५० ग्रॅमच्या आसपास असतो, तरी तुमच्या पाकिटावर जे लिहिलंय तेच धरा आणि वाढवू तर अजिबात नका, डोस वाढवला की रोग जास्त मरतोच असं नाही पण नायट्रेटवाले जिवाणू परतायला हमखास उशीर होतो. फॉर्मालिनबद्दल माझं मत स्पष्ट आहे, अजूनही पॉलिहाऊसच्या बऱ्याच पत्रकांत ते छापलेलं असतं तरी वापरू नये. फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलंय, आणि बंद पॉलिहाऊसमध्ये साध्या रुमालावर ते आळवणारा माणूस बहुतेक वेळा मजूर असतो.

दाणे सारखे पसरवा, लगेच २०-२५ सेंटिमीटरपर्यंत मिसळा, वरून हलकं पाणी द्या आणि पेपर टाकून कडा चरात गाडून टाका, फाटलेल्या जागी टेप लावा. हे सगळं काम सलग झालं पाहिजे, अर्धा बेड मिसळून चहाला गेलं की त्या अर्ध्याचा वायू गेला. रासायनिक वाफेसाठीचा (ऑरगॅनिक व्हेपर) कार्ट्रिज मास्क, गॉगल, हातमोजे, गमबूट लागतातच, धुळीचा मास्क याला चालत नाही. बाजूचे पडदे उघडे ठेवा, आत मुलं-जनावरं नकोत, शेजारच्या बेडमध्ये उभं पीक असेल तर करूच नका कारण झाडाच्या मुळांनाही हा वायू मारतो. आपल्या गरम मातीत पेपर साधारण आठवडाभर ठेवला की बास, थंडीत जास्त. मग पेपर काढायचा, दोन-तीन दिवस वारा लागू द्यायचा, औषध जिथपर्यंत गेलं तिथपर्यंतच माती हलवायची, त्याच्या खाली नाही, नाहीतर खालची न मेलेली माती वर येते.

हळिवाची टेस्ट

वायू पूर्ण गेला का हे नाकाने कळत नाही. आणि तो गेलेला नसताना तुम्ही ट्रायकोडर्मा सोडला तर तोही मरणार, रोप लावलं तर तेही. यासाठी जगभर जे बी वापरतात ते गार्डन क्रेस, म्हणजे आपल्या घरातलं लाडूचं हळीव. किराणा दुकानात मिळतं, ताजं घ्या.

काचेच्या दोन बरण्या घ्या, झाकण घट्ट बसणाऱ्या. एकीत फ्युमिगेट केलेल्या बेडमधली, वरची नाही तर १५-२० सेंटिमीटर खोलची माती, अर्ध्यापर्यंत, बरणी भरताना वेळ न घालवता कारण वायू उडतो. दुसरीत बाजूला ठेवलेल्या क्रेटमधली माती. कापसाचा बोळा ओला करून पिळा, त्यावर चिमूटभर हळीव पसरा (भिजलं की ते चिकट होतं आणि आपोआप बसतं), बोळा दोऱ्याला बांधून मातीच्या वर लोंबता ठेवा, मातीला टेकू देऊ नका, आणि झाकण लावा. उन्हात नाही, घरात उजेडात ठेवा. दोन-तीन दिवसांत क्रेटच्या बरणीत हळीव छान पांढरी मुळं काढून हिरवं होतं. फ्युमिगेटवाल्या बरणीतही तसंच झालं तर रस्ता मोकळा. उगवलंच नाही, किंवा उगवून मुळाची टोकं तपकिरी पडली, तर माती परत हलवा आणि तीन-चार दिवसांनी परत टेस्ट. प्रत्येक बेडमधून वेगळी बरणी लावा, कारण सखल कोपऱ्यात ओल जास्त असते आणि वायू तिथे रेंगाळतो.

आता भरती करायची

टेस्ट पास झाली की उशीर करू नका, त्याच आठवड्यात राखून ठेवलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत चौरस मीटरला दोन-तीन किलो या हिशोबाने वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये मिसळा. चांगल्या कुजलेल्या कंपोस्टमध्ये नायट्रेट करणारे जिवाणू आयते असतात, आणि ते बाटलीत सहसा मिळत नाहीत म्हणून माझ्या लेखी कंपोस्टचं महत्त्व कोणत्याही महागड्या कल्चरपेक्षा जास्त आहे. कंपोस्ट आधीच ट्रायकोडर्माने भारून ठेवलं तर उत्तम, १०० किलोला १ किलो कल्चर मिसळून, ओल धरून, गोणपाटाखाली सावलीत १०-१५ दिवस ठेवायचं. म्हणजे फ्युमिगेशनचा पेपर टाकला त्याच दिवशी हे काम सुरू केलं तर वेळ बरोबर जुळते. फ्युमिगेशननंतर ट्रायकोडर्माला जागा मिळवणं सोपं जातं, इतर वेळी जुन्या जिवाणूंच्या गर्दीत त्याला पाय रोवायला फार झगडावं लागतं. ही एक संधी फ्युमिगेशन देतं, ती घ्या.

मायकोरायझा बेडभर पसरू नका, रोप लावताना मुळाला लागेल अशी खड्ड्यात टाका किंवा नर्सरीत ट्रेमध्येच कोकोपीटमध्ये मिसळायला सांगा. पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), पॅसिलोमायसिस ड्रिपमधून नंतर सोडता येतात. जीवामृत देणारे बरेच जण त्यात बांधावरची मूठभर माती टाकतात, ती माती दुसरीकडून घ्या, जिथे कधी टोमॅटो-वांगं-काकडी झालेली नाही अशा जागेची, नाहीतर सूत्रकृमी परत हाताने आणून सोडल्यासारखं होईल. आणि पहिला महिना कॉपर किंवा कोणत्याही बुरशीनाशकाची आळवणी टाळा.

पहिल्या दीड महिन्याचं खत

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. मातीत आधीच अमोनियम साठलेलं आहे, त्यात युरिया, अमोनियम सल्फेट किंवा १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट) सोडलं तर अजून अमोनियम वाढतं, मुळाची टोकं जळतात, आणि अमोनियम जास्त झालं की झाड कॅल्शियम कमी उचलतं, म्हणून ढोबळीच्या फळाच्या बुडाला काळे डाग येतात आणि आपण म्हणतो कॅल्शियम कमी पडलं. १९:१९:१९ मधलाही बराच नत्र अमोनियम आणि युरिया रूपात असतो. म्हणून पहिले चार ते सहा आठवडे नत्र नायट्रेट रूपातूनच द्या, कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट), आणि एकूण नत्र नेहमीपेक्षा कमी ठेवा कारण मेलेल्या जिवाणूंनी दिलेला फुकटचा नत्र आहेच. स्फुरदासाठी ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) वापरा, ते कॅल्शियम नायट्रेटसोबत एका टाकीत नको. स्फुरद आणि जस्त सुरुवातीला थोडं सढळ हाताने द्यावं लागतं कारण मायकोरायझा नाही आणि फॉस्फटेज खाली आहे, पानाची खालची बाजू जांभळी दिसायला लागली तर हेच कारण समजा. बेसल डोसमध्ये डीएपी टाकायची सवय असेल (त्यातही अमोनियमच असतं) तर या वेळी सुपर फॉस्फेट घ्या.

नायट्रेटवाले परत आले का हे बघायला नायट्रेट मोजायच्या पट्ट्या मिळतात. बेडमधली थोडी माती शुद्ध पाण्यात ढवळून, निवळ पाण्यात पट्टी बुडवायची. पण ड्रिपमधून नायट्रेट सोडत असाल तर पट्टी तेच दाखवेल, म्हणून ही टेस्ट खत न सोडलेल्या बेडच्या एका टोकाच्या मातीवर करा. दर आठवड्याला आकडा वर सरकू लागला की हळूहळू अमोनियमवाली खतं परत सुरू करता येतात.

माती परत जिवंत होतेय का, कसं कळणार

पैसे न खर्च करता करायचं असेल तर मांजरपाट घ्या. कोरं, धुवून कांजी काढलेलं, कलर नसलेलं. सारख्या मापाच्या पट्ट्या कापा, बेडमध्ये तीन-चार जागी आणि त्या बाजूच्या क्रेटमध्ये १० सेंटिमीटर खोल आडव्या गाडा, नायलॉनचा दोरा बांधून टोक वर ठेवा म्हणजे सापडतील. चार आठवड्यांनी हलकेच काढा, धुवा, वाळवा आणि दोन्ही हातांनी ओढून बघा. क्रेटमधली पट्टी जाळीसारखी झालीय आणि बेडमधली अजून दणकट आहे, तर कापूस कुजवणारी बुरशी आणि तिचं सेल्युलेज अजून परतलेलं नाही, सेंद्रिय खताचा अजून एक हप्ता द्या. दोन्हीकडे ओल सारखी ठेवायला मात्र विसरू नका, नाहीतर तुलना फसते.

हायड्रोजन पेरॉक्साइड मातीवर टाकून फेस बघायचा एक प्रयोग बरेच जण दाखवतात, कॅटलेज किती आहे म्हणून. आपल्या मातीत मँगनीजमुळेही फेस येतो, त्यावर विसंबू नका.

लॅबची टेस्ट रोप लावल्यावर एकदा महिन्याने आणि एकदा पीक संपताना करा, तीच पद्धत, तीच लॅब, कारण दोन लॅबचे एन्झाइमचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आधीच्या सॅम्पलच्या तुलनेत डिहायड्रोजिनेज कुठे आहे एवढंच बघायचं, रिपोर्टवर छापलेल्या "चांगलं-मध्यम-कमी" पेक्षा तुमच्याच बेडचा जुना आकडा खरा. पहिल्या महिन्यात एखादं एन्झाइम अचानक आधीपेक्षा वर दिसलं तर लगेच खूश होऊ नका, मेलेल्या जिवाणूंवर चाललेली ती तात्पुरती धावपळ असते, दुसऱ्या सॅम्पलला तो आकडा टिकला तर खरं. डिहायड्रोजिनेज भरून आलं आणि फॉस्फटेज मागेच आहे असंही होतं, तेव्हा आधी स्फुरदाचा डोस तपासा, विद्राव्य स्फुरद भरपूर पडत असेल तर ते एन्झाइम तयारच कमी होतं.

पीक संपल्यावर परत मुळं उपटून गाठी मोजा, आणि त्या आकड्यावर पुढचं ठरवा. दरवर्षी तेच औषध टाकायची सवय लावून घेऊ नका, कारण हा वायू खाऊन टाकणारे जिवाणूच हळूहळू मातीत वाढतात आणि मग औषध काम करायच्या आधीच संपतं, मेटम सोडियमच्या बाबतीत हे ऑस्ट्रेलिया आणि इस्रायलमध्ये झालेलं आहे. एका वर्षी औषध लागलं तर पुढच्या उन्हाळ्यात सोलरायझेशन, त्याच्या पुढे मोहरी किंवा झेंडू, असा फेर ठेवा आणि प्रत्येक बेडचा रिपोर्ट, औषधाची तारीख आणि गाठींचा अंदाज एकाच वहीत लिहीत चला.